शेंगदाण्याचा चहा आणि एक जर्मनचा पेला

चहात शेंगदाणे घालून पितात, हे मी आमच्या गावी, भालकीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अप्पांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. दीड वर्ष परदेशातल्या दवाखान्यात लोकांचे ताप मोजून आलेली मी, आणि माझे वडील माझाच ताप बघत होते. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मागं न वळताच म्हणाली, "उन्हानं झालं आसंल. वाळूचा मुलूख हाय त्यो." मी एका महिन्याच्या सुट्टीवर आले होते. बॅगेत लुगडी, अत्तर, टेपरेकॉर्डर असेल म्हणून गल्ली गोळा झालेली, आणि बॅगेतून निघाली एक निळी बुटकी किटली, अंगठ्याएवढे सहा ग्लास आणि वाळलेल्या पुदिन्याची पुडी. लोकांची फार निराशा झाली. मला मात्र ती किटली कधी एकदा शेगडीवर चढवते असं झालं होतं.

आमचं घर साखर कारखान्याच्या रस्त्यावर. अप्पा कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजायला होते. पाळी बदलताना भोंगा झाला की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणत. गाळपाच्या दिवसांत उसाच्या गाड्या रात्रंदिवस दारावरून जात आणि मळीचा गोडसर आंबूस वास भाकरीलासुद्धा लागे. गल्लीत अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कानडीत आणि भांडण दखनी उर्दूत चालायचं, कारण भांडायला ती भाषा फार सोयीची. जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी. मी लांबून आलेली म्हणून त्या महिन्यात वर शेंगाची पोळीही होती, दर दोन दिवसांनी, मी नको म्हणेपर्यंत आणि म्हटल्यानंतरही.

आमच्या घरचा चहा गुळाचा, बिनदुधाचा आणि बशीतला. बशीत ओतून फुर्र केल्याशिवाय चहा प्यायल्यासारखं वाटत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. माझ्या सुना कपानं पितात, त्यांचं त्यांच्यापाशी. त्या चहाला मायची एक शिस्त होती: पिलं की धू, धुतलं की पालथं घाल. ही शिस्त स्वच्छतेतून आलेली नव्हती. मायच्या माहेरच्या गावात हॉटेलाबाहेर, चपला काढायच्या जागेशेजारी एक कोनाडा होता आणि आमच्या लोकांचे कप त्यात असत. चहा वरून ओतला जाई. प्यायल्यावर आपला कप आपण धुवायचा, पालथा घालायचा आणि निघायचं. अप्पांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी अशा हॉटेलांची पायरी सोडली. मी मोठी होईतो भालकीच्या स्टँडवर कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पण मायच्या हातातून ती शिस्त माझ्या हातात उतरली होती, आणि हाताला कुठं कळतं की जग जरा बदललंय.

गुलबर्ग्याला नर्सिंग शिकले आणि एका जाहिरातीच्या मागे लागून लिबियात जाऊन पोचले, वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका लहानशा गावच्या दवाखान्यात. पहिले दोन महिने मी फक्त रडले आणि भात खाल्ला. आमच्या वॉर्डात मबरूका नावाची एक आया होती, साठीची, तळहात मेंदीनं तांबडे झालेली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण आमच्या दखनीत किताब, साबण, खलास असे पाचपन्नास शब्द निघाले जे तिलाही कळत, आणि उरलेलं आम्ही हातवाऱ्यांवर भागवत असू. एका शुक्रवारी तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि सरळ घरी नेलं. चहाला.

मी आपली समजत होते, दहा मिनिटांचं काम. अंगणात चटई, चटईवर तिच्या दोन सुना, एक शेजारीण, मध्ये कोळशाची शेगडी आणि तिच्यावर निळी किटली. चहा उकळत होता, उकळत होता, उकळतच होता. आमची माय असती तर म्हणाली असती, बाई, आता ह्यात कापड रंगवा. मग मबरूकानं तो दुसऱ्या भांड्यात ओतला, हात डोक्याच्या वर नेऊन. परत ह्या भांड्यात. परत त्या भांड्यात. एक थेंब बाहेर नाही. असं किती वेळा केलं कोण जाणे, शेवटी त्यावर ताकासारखा फेस आला आणि तो फेस तिनं माझ्या ग्लासात जास्तीचा घातला. तो मान होता हे मला पुढे कळलं. मी काय केलं, तर खुणेनं बशी मागितली. त्यांनी गोंधळून एक वाडगी दिली. मी तो सगळा मानाचा फेस वाडगीत ओतला आणि फुर्र केलं. धाकटी सून हसता हसता चटईवर आडवी झाली. चहा इतका कडू होता की माझे कान हलले.

ग्लास संपला तसा माझा हात आपोआप उठला. ग्लास घेऊन मी पाणी शोधत मोरीकडे निघाले. पाहुणी रागावून चालली असं वाटून मोठी सून धावत मागे आली. मबरूकानं तो ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि ताटात ठेवला. सगळ्यांचे रिकामे ग्लास त्याच ताटात आले. आणि तिनं न धुता, कुणाचा कुठला हे न बघता, त्यांतच दुसरी फेरी ओतली, पुदिना घातलेली. ताट फिरलं. माझ्या ग्लासाच्या काठाचा टवका उडालेला होता म्हणून मला तो ओळखू येत होता. तो गेला मबरूकाकडे. तिनं त्याच काठाला ओठ लावून घोट घेतला आणि शेजारणीशी बोलत राहिली, हातवाऱ्यांवरून सुनेच्या डोहाळ्यांबद्दल. मला हसू फुटलं, मग रडू आलं, मग परत हसू. मला इतका आनंद झाला होता की तिसऱ्या फेरीत ग्लासात तळाशी भाजलेले शेंगदाणे दिसले तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. म्हटलं, आता ह्या चहात हरभरे आले तरी चालतील.

नर्स म्हणून हे सगळं लिहायला मला जरा लाज वाटते. जंतू नावाची गोष्ट मला शिकवलेली आहे आणि मीही नंतर शेकडो मुलींना शिकवली. पण त्यानंतरचा एकही शुक्रवार मी चुकवला नाही. पहिली फेरी कडू, दुसरी पुदिन्याची, तिसरी दाण्यांची. आणि तिसरीच्या आधी उठणं म्हणजे त्या घराशी बोलणं तोडणं. तिथल्या बायका अवघड गोष्ट कधीच पहिल्या फेरीत काढत नसत. मी उंचावरून ओतायला शिकले, दोनदा गुडघा भाजून घेतला, आणि एके दिवशी माझ्या हातच्या चहाला फेस आला तेव्हा मबरूकानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. परीक्षेत पहिली आले तेव्हाही मी इतकी फुगले नव्हते.

तर ती किटली घेऊन मी भालकीत आले. गल्लीतल्या बायका दुपारी जमू लागल्या. "ह्ये प्यायचं का खायचं गं, कौशे?" असं विचारत त्या तिसऱ्या फेरीपर्यंत बसून राहत, दाणे तर दाणे म्हणून. फक्त ग्लास मिसळायला माय तयार नव्हती. ती प्रत्येकीचा ग्लास ध्यानात ठेवी, दोन फेऱ्यांच्या मध्ये धुऊन आणी आणि जिचा तिला देई. "उष्टं ते उष्टं. तिकडं पानी नसंल मनून तसं करत्यात. आपल्याकडं हाय की." मी पुष्कळ समजावलं. ती ऐकून घेई आणि ग्लास धुवायला जाई.

त्याच सुट्टीत गुलबर्ग्याला एका मैत्रिणीच्या लग्नात मला यशवंत भेटला. हायस्कुलात गणित शिकवायचा. तोवर मला भेटलेल्या प्रत्येकानं पगार विचारला होता, सोनं विचारलं होतं, उंट विचारला होता. हा म्हणाला, "तिथली माणसं चहा कसा पितात?" पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला, आणि मी अजून दुसऱ्याच फेरीवर होते. तो उठला नाही. घरी येऊन मी मायला सांगून टाकलं की लग्न करीन तर ह्याच्याशी. मायनं आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग अप्पांना चौकशीला पाठवलं. अप्पा चार दिवसांनी आले ते तोंड पाडून.

"पोरगा सोन्यासारखा हाय," ते म्हणाले. "पन आत्या हाय त्याची, सोजरबाई. उदगीरला ऱ्हाते. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलाय त्याला. ती व्हय मनल्याबिगर त्यो पाऊल टाकत न्हाई."

"मग इचारा की तिला," माय म्हणाली.

"यायलेत दोघं ऐतवारी. पन ऐक. ह्याच्या आदी दोन घरं बगून आली ती. दोनीकडं चहा तसाच ठेवून उठली. चहा पिली तर जमलं समजायचं. न्हाई पिली तर सरळ स्टँडाकडं जाते, मागं बगत न्हाई."

 रविवारपर्यंतच्या तीन दिवसांत मायनं घर दोनदा सारवलं, गुलाबाची फुलं असलेल्या नव्या कपबश्या आणल्या आणि दुधाचा चहा करायचा ठरवला. गुळाचा नको, किटलीचा तर नकोच. "तुजी थेरं त्या दिशी पेटीत ठेव," म्हणाली. मीही कानाला खडा लावला. मला तो मुलगा हवा होता, चहाचं पुढं बघू.

रविवारी दुपारी ते आले. सोजरआत्या उंच, काटक, पांढऱ्या लुगड्यातली. मागून यशवंत, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि मला बघून इतका खुशीत हसला की मी दाराआड झाले. आत्या चटईवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि पिशवीतून एक पेला काढून समोर ठेवला. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. आमच्याकडे अजून तसंच म्हणतात. ठोकून ठोकून पोचे काढलेला, घासून घासून पांढरा पडलेला.

"चहा आनायचा आसंल तर ह्यात आना," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्याच्या भांड्यात पीत न्हाई. चारच्या गाडीनं जायचंय आमाला."

 अप्पांची मान खाली गेली. आत माय माझ्या कानाशी म्हणाली, "आपल्याच मानसाला आपली भांडी चालंनात व्हय?" तिचे डोळे भरून आले होते. ती पदरानं डोळे टिपायला वळली, आणि तेवढ्यात पातेल्यातलं दूध नासलं. उन्हाळा होता, दूध सकाळचं होतं, त्याचा काही दोष नव्हता. दोघी त्या पातेल्याकडं बघत राहिलो. घरात दुसरं दूध नाही, शेजारी मागावं तर गल्लीभर होणार, आणि बाहेर ती बाई गाडीची वेळ सांगून बसलेली. मला एकदम हसू यायला लागलं. अशा वेळी मला नेहमी हसू येतं, ह्याच खोडीपायी नर्सिंगला असताना मी दोनदा वर्गाबाहेर उभी राहिले आहे. मी पेटी उघडली.

बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलगी ताट घेऊन, मान खाली घालून येते. मी आले ती हातात पेटलेली शेगडी घेऊन. ती आत्यांच्या समोर ठेवली आणि मांडी घालून बसले. माय माझ्या मागोमाग येऊन बसली. "तिकडची पद्दत हाय, आत्या," मी म्हटलं. "तीन फेऱ्या होतेत. जरा येळ लागतो." अप्पांनी डोळे मिटून घेतले. यशवंत मात्र सरकून पुढं आला. चहा उकळायला लागला. मी हात वर नेला, ओतला, परत ओतला. त्या ओतण्याला एक लय असते आणि ती लागली की माणूस आपली लाजबिज विसरतो. फेस आला. मी चार ग्लास भरले, पाचवा आत्यांचा पेला, आणि सगळ्यात जास्त फेस पेल्यात घातला.

यशवंतनं तो कडू चहा एका दमात संपवला आणि चेहरा जराही वाकडा केला नाही. हा टिकेल, मी मनात म्हटलं. आत्यांनी एक घोट घेतला. "लई कडू हाय," म्हणाल्या. पण टाकायची सवय नसलेल्या बायकांपैकी त्या, सावकाश सगळा संपवला. अप्पा मायकडं बघायला लागले की आता हे प्यायलं धरायचं का नाही. आणि मी? मी त्या घटकेला भालकीत नव्हतेच. शुक्रवार होता, मबरूकाचं अंगण होतं. मी सगळे ग्लास ताटात गोळा केले, पेलाही केला, पुदिना घातला, वरून दुसरी फेरी ओतली आणि ताट फिरवलं. ज्याच्या हाताला जे लागेल ते. माझा ग्लास आत्यांसमोर गेला. पेला गेला मायच्या हातात.

"माजा पेला," आत्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण अप्पा उठून उभेच राहिले.

मी जीभ चावली. सगळं घालवलं, असं वाटलं. मग जे तोंडाला आलं ते सांगत सुटले: मबरूकाचं ताट, तिथली फेरी, मी ग्लास धुवायला कशी उठले, तिनं तो कसा हातातून घेतला आणि माझ्याच काठाला कसं तोंड लावलं. आत्या ऐकत होत्या. त्यांची नजर मायच्या हातातल्या पेल्यावर होती.

"तुला इचारलं न्हाई कुनी? कोन, कुटली?"

"न्हाई, आत्या."

"धुवायला कामून उटलीस मग?"

 मायनंच उत्तर दिलं. "मी शिकिवलं तिला. आमच्या गावात कोनाडा होता."

आत्यांनी पहिल्यांदा मायकडं नीट पाहिलं. "आमच्याबी गावात होता," त्या म्हणाल्या. "पावसाचं पानी पडायचं त्यात. दीक्षा घेटली त्या आटवड्यात मी बाजारातनं ह्यो पेला आनला. मनलं, आता दुसऱ्यानं मांडून ठेवलेल्या कपात प्यायचं न्हाई, मग त्यो कुनाचाबी आसो. तवापासनं ह्यातच पिते. माज्याबिगर कुनी त्याला तोंड लावलं न्हाई. ह्या पोरानंबी न्हाई."

पेला मायच्या हातात होता आणि वाफ निघत होती. मला वाटलं, आता माय तो आत नेऊन धुणार, पालथा घालणार आणि परत आणून देणार. माझं लग्न त्या धुण्याबरोबर मोरीत वाहून जाणार. मायनं पेल्याकडं पाहिलं, आत्यांकडं पाहिलं आणि तो तोंडाला लावून गटागट प्यायली. उकळता चहा. तिची जीभ पोळली असणार, डोळ्यांत पाणी आलं. "ग्वाड हाय," ती एवढंच म्हणाली.

 आत्यांनी समोरचा माझा ग्लास उचलला, बोटांत फिरवून बघितला आणि प्यायल्या. यशवंतनं इतका मोठा श्वास सोडला की शेगडीतली राख उडाली.

तिसऱ्या फेरीला ग्लास मी गोळा केलेच नाहीत, आत्यांनी केले. ताटात ठेवून त्यांनी ते असे कालवले की मबरूकानंही कौतुक केलं असतं. दाणे त्यांनी स्वतःच्या हातानं घातले, मूठमूठभर, त्यामुळं चहाला जागा फारशी उरली नाही. पेला ह्या वेळी माझ्याकडं आला. यशवंतचा दाणा ग्लासाच्या तळाला चिकटला आणि तो बोट घालून काढायला बघत होता, बोट अडकलं, आत्यांनी त्याला "मास्तर झालाय म्हने" म्हणून झापलं, आणि मग सगळेच हसायला लागलो. अप्पा सगळ्यात जास्त. मायला जीभ पोळल्यामुळं नीट हसताही येत नव्हतं.

एवढ्यात स्टँडकडून गाडीचा हॉर्न आला. आत्या धडपडत उठल्या, पिशवी उचलली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि दोघं निघाली. व्हय नाही, न्हाई नाही. दारात उभी राहून मी त्यांची पाठ बघत होते. वळले तर पेला ताटातच. अप्पांनीही तो पाहिला. अप्पांचं तेव्हाचं वय पळण्याचं नव्हतं, पण ते पेला घेऊन धोतर सावरत असे पळाले की गल्लीतली कुत्री मागं लागली.

बऱ्याच वेळानं ते परत आले, घामाघूम. पेला हातातच होता.

"गाडी गेली का?" मायनं विचारलं.

"गाटली की गाडी," अप्पा धापा टाकत म्हणाले. "खिडकीतनं दिऊ लागलो. घेईनात. मनल्या, ऱ्हाऊ द्या तितंच. मला येनंजानं ऱ्हाईल आता."

त्यांनी पेला ताटात ठेवला, आमच्या चार ग्लासांच्या मध्ये. मी रडत होते का हसत होते, आठवत नाही. मायनं ताट पुढं ओढलं. मला वाटलं, सगळं उचलून मोरीकडं नेणार. तिनं त्यातलं काहीही धुतलं नाही. शेगडीवर फुंकर घातली, किटली हलवून आत काही उरलंय का ते पाहिलं आणि म्हणाली, "चौथी फेरी आसती का गं, तिकडं?"